भागीबायचा कोरा फोन

किन्हवलीच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सहा फूट बाय आठ. त्यात मी, एक टेबल, हीट गन आणि लोकांचे मेलेले फोन. हल्ली या दुकानाचं नाव झालंय. शहापूरहून, कधी मुरबाडहूनसुद्धा माणसं येतात आणि विचारतात, "फोन मोकळा करून देणारा सुनिल तूच ना?" मास्तर लोक चहा पाजतात. माझ्या बायकोला, रुपालीला, नळावर बायका सांगतात की तुझा नवरा सरळ माणूस. हे ऐकलं की मला शटर खाली ओढून आत बसून राहावंसं वाटतं. का, ते सांगायचं तर भागीबायची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना माझी लाज झाकून ठेवता येणार नाही. तेच बरं आहे. झाकण्यात माझे सात-आठ महिने गेलेत.

भागीबाय ठाकराची. डोळखांबच्या बाजूला जे पाडे आहेत त्यांतल्या एका पाड्यावर तिचं कुडाचं घर. वय विचाराल तर सांगणार नाही, कारण तिलाही ठाऊक नाही; साठीला टेकली असेल. नवरा लखमा बारा वर्षांपूर्वी वीटभट्टीवर तापाने गेला, तेव्हापासून तिने भट्टीची वाट धरली नाही. थोडी वरी, थोडी नाचणी, पावसाळ्यात रानभाज्या, आणि वर्षभर औषधाच्या मुळ्या. मुका मार, लचक, बाळंतिणीची कंबर, बैलाचा सुजलेला पाय, असल्या दुखण्यांना ती औषध द्यायची. त्यात मुळीचा गुण किती आणि माणसाचा विश्वास किती, हे मला विचारू नका, मी मोबाईलवाला. पण माझी आई कंबरेने अंथरुणाला खिळली होती, ती भागीबायच्या लेपाने उठून बसली असं आईच सांगायची, आणि शेवटपर्यंत तिचं नाव घ्यायची. हे मी मुद्दाम लिहितोय. ज्या बाईचा मी घात केला ती मला परकी नव्हती.

तिच्या विद्येचे नियम कडक. मुळी कुठे मिळते ते तोंडाने सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. शिकवायचं एकालाच, आणि तेही न बोलता. हाताला धरून न्यायचं आणि जागेवर उभं करायचं. भागीबायला तिच्या सासूने, जिवलीने, असं तीन पावसाळे मागेमागे चालवलं. हातात कुदळ, तोंडाला कुलूप. चौथ्या पावसाळ्यात सासू ओट्यावरच बसून राहिली आणि म्हणाली, "आता तू जा." झाडापुढे आधी चार तांदूळ ठेवायचे, मागून घ्यायचं, एका अंगानेच खणायचं, मुळीच्या गड्ड्याचा, तिच्या भाषेत कांद्याचा, डोळा तसाच ठेवायचा आणि वर माती ओढून यायचं. "आपुन घेतलं त्ये झाडाला कळता नये," असं ती म्हणायची.

ही विद्या पुढे द्यायची तर एकच मुलगी, रविना. ती पडघ्याच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगच्या कामाला. सुटी मागितली की तिच्या जागेवर दुसरी मुलगी उभी असते. आणि ही झाडं पानावरून ओळखू येतात ती पावसाळ्यातच, एरवी वर काही दिसतच नाही. दोन पावसाळे मायलेकींचा मेळ बसला नाही. शेवटी रविनाने स्वतःचा जुना फोन आईला दिला आणि म्हणाली, तू रानात जाशील तेव्हा फोटो काढून धाड, मी बघून ठेवीन. भागीबायने म्हणे आठ दिवस विचार केला. आपण तोंडाने तर सांगत नाही, मग नियम मोडत नाही, अशी मनाची समजूत घातली आणि फोन घेऊन माझ्याकडे आली.

इथून माझं पाप सुरू होतं. आमच्या धंद्यातली एक खोड आहे. फोन सुरू करायला ईमेलचं खातं लागतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ईमेल बिमेल नाय आपल्याकडं." काढून दिलं तर पासवर्ड विसरतं आणि महिन्याने कुलूप लागलेला फोन घेऊन भांडायला येतं. म्हणून आम्ही काय करतो, दुकानाचंच एक खातं काढतो आणि येईल त्याच्या फोनात तेच घालतो. पासवर्ड सगळ्यांना एकच, गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. जागा भरली की नवीन खातं. फोन पहिल्यांदा उठतो तेव्हा दहा प्रश्न विचारतो. ते वाचायचे नाहीत, निळं बटण दिसलं की बोट ठेवायचं. फोटो साठवून ठेवू का? हो. फोटोबरोबर ठिकाण नोंदवू का? हो. असे निम्म्या पंचक्रोशीचे फोन माझ्या नावाने उठत होते आणि माझ्या नावाने झोपत होते. भागीबायच्या फोनात मी दुकानाचं चौथं खातं घातलं, कॅमेऱ्याचं बटण दाखवलं, आणि वर म्हणालो, "काय चिंता नाय बघ आता."

त्याचा परिणाम असा की त्या खात्यातल्या प्रत्येक फोनचा प्रत्येक फोटो माझ्या टेबलावरच्या फोनात येऊन पडायचा. सुरुवातीला मला कळलंही नाही. कळलं तेव्हा बंद करायला हवं होतं. केलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ते फोटो बघत बसायचो. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाचा साखरपुडा, कुणाची भिंत खचली, कुणी आजारी सासऱ्याला अंघोळ घालतंय. लोकांच्या चुलीपर्यंत चपला घालून जायचं आणि म्हणायचं की दार उघडंच होतं. मी रोज जात होतो, आणि मला त्याची गंमत वाटत होती.

भागीबायचे फोटो वेगळे होते. त्यातले अर्धे तिच्या अंगठ्याचे. उरलेल्यांत एकच झाड पाच बाजूंनी, शेजारचा दगड, मागे डोंगराची कड, आणि पुढे मातीवर ठेवलेले चार तांदूळ. निदान ते तांदूळ बघून तरी मला शरम वाटायला हवी होती.

गणपतीच्या आधी पंकज दुकानात आला. पंकज वैशाखऱ्याचा, रुपालीचा मावसभाऊ. चार माणसं हाताशी घेऊन रानातल्या मुळ्या-साली गोळा करतो आणि एका व्यापाऱ्याला घालतो. बसल्या बसल्या म्हणाला, अमकी मुळी हल्ली कुठं गावतच नाय. मुळीचं नाव मी लिहीत नाही, आणि जागेचंही लिहिणार नाही. एकदा दाखवून झालंय तेवढं पुरे. पान कसं असतं ते त्याने सांगितलं, आणि तसलं पान मी भागीबायच्या फोटोंत बघितलं होतं. मी म्हटलं, "दाखवू?"

का म्हटलं, याचा मी खूप विचार केलाय. मला त्याच्याकडून काही नको होतं. नुसता भाव खायचा होता. सासरच्या माणसासमोर मीही कोणीतरी आहे, अख्खा तालुका माझ्या खिशात आहे, एवढंच दाखवायचं होतं. मी नकाशा उघडला. भागीबायच्या फोटोंचे ठिपके एका ओढ्याच्या कडेने ओळीने बसले होते. पंकजने स्वतःचा फोन काढला आणि माझ्या पडद्याचा फोटो घेतला. मी समोर बसून बघत होतो. कशाला रे, एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

गणपती जाऊन दहा-बारा दिवस झाले असतील. भागीबाय आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. पायांवर चिखल सुकला होता. पाणी पुढे केलं तर तिने घेतलं नाही.

"सगळं खनून नेलं रे," ती म्हणाली. "एक कांदा ठेवला नाय. खड्डे बी उघडेच टाकलेत."

मला त्याच क्षणी कळलं. दुसरी कुठलीही शंका मनात आली नाही, हे लिहून ठेवतो. मी समोरच्या फोनाचे स्क्रू काढायला लागलो, जे आधीच काढलेले होते.

"मला येक सांग," ती म्हणाली. "ह्या फोनातला फोटू दुसऱ्याला दिसतो काय?"

"ज्याला धाडलाय त्यालाच दिसतो," मी म्हणालो.

खोटं बोलायची ही माझी तऱ्हा, वाक्य असं करायचं की पकडलं तर सुटता यावं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी तं रविनालाच धाडले," एवढंच म्हणाली, आणि स्टँडच्या दिशेने गेली. तिची गाडी यायला अजून वीस मिनिटं होती. वीस मिनिटं ती माझ्या डोळ्यांसमोर झाडाखाली उभी होती, आणि मी जागचा हललो नाही.

पंकजला मात्र लगेच फोन लावून शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "जंगल काय तुझ्या भागीबायच्या बापाचं हाय? आनि आमाला दाखवलं कोनी?" मीच फोन ठेवला.

पुढचं मला सुदामकडून कळत गेलं. सुदाम त्याच पाड्यावरचा, बाजाराला आला की माझ्याकडे टेकतो. रविनाने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की तिने ते फोटो कुणाला दाखवले नाहीत. भागीबायने ऐकलं नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: फोटो दोघींपाशीच होते, मी सांगितलं नाही, मग उरलं कोण? दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, रविना दरवर्षी मुलाला घेऊन यायची, ह्या खेपेला आली नाही. भागीबायने औषध देणंही सोडलं. एक बाई मुलाचा पाय मुरगळला म्हणून दाराशी आली, तिला म्हणाली, "माझ्या हातातला गुन गेला. शहापुराला ने त्याला." सुदाम हे सगळं चहा पिता पिता सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "पोटची पोर बी फितूर होते बघ." मी मान हलवायचो. अजून एक चहा मागवायचो.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुकानापुढे कुणी पाड्यावरचं माणूस थांबलं तरी मी वाकून टेबलाखाली काहीतरी शोधायला लागायचो. मी घाबरून दुकानाची खाती बंद करायला निघालो, तर एकेक फोन अडून बसायला लागला. तेव्हा शोधताना कळलं की फोनात आधीपासून असते ती सिस्टीमच काढून दुसरी घालता येते. जगभरच्या कोणाकोणा माणसांनी मिळून लिहिलेली, फुकट. तिचा कोड कुणीही उघडून वाचावा. ती खातं मागत नाही, फोटो कुठे धाडत नाही, ठिकाण विचारल्याशिवाय कुणाला देत नाही. बघा कसं आहे, जिचं पोट साऱ्या जगाला उघडं, तीच माणसाचं झाकून ठेवते. माझं इंग्रजी कच्चं. वाचत, चुकत, माझेच दोन फोन कायमचे मारले. तिसरा उठला. काळा पडदा, चार चिन्हं, बाकी काही नाही. त्याने मला नावसुद्धा विचारलं नाही. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

मग मी एकेका गिऱ्हाइकाला बोलावून घ्यायला लागलो. सगळ्या फोनांना ती सिस्टीम चालत नाही. ज्यांना चालेना त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाचं खातं काढून दिलं आणि पासवर्ड त्यांच्याच हाताने लिहायला लावला. काहींचं बँकेचं ॲप नव्या सिस्टीमवर उघडेना, ते मला शिव्या घालून पुन्हा जुनं करून घेऊन गेले. एक म्हातारा फोन उलटासुलटा करून म्हणाला, "उपाशी दिसतो रे ह्यो." पण ज्यांना पटलं त्यांनी गावभर सांगितलं. का करतोस हे, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, काळ वाईट आलाय, लोक फोनातून घरात डोकावतात. लोक म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि आता तेच कुंपण राखणीच्या चार गोष्टी शिकवत होतं.

संक्रांतीच्या आधी भागीबाय आपणहून आली. "माझा बी साफ कर," म्हणाली. "पुसून टाक सगळं."

"फोटो जातील. नंबर जातील."

"जाऊंदे. त्यांनीच घात केला."

मला तरी काय हवं होतं? पुरावा तिच्या फोनात होता आणि माझ्या खात्यात होता, आणि तीच म्हणत होती पुसून टाक. जुनी सिस्टीम काढायच्या आधी फोन एकदा विचारतो, यातलं सगळं जाईल, चालेल का? आयुष्यात पहिल्यांदा मी फोनाचा प्रश्न नीट वाचला, आणि हो म्हणालो. तिच्यासमोर टेबलावर तो कोरा झाला. त्याच दुपारी मी चौथं खातंही पुसून टाकलं. तिला नवा फोन समजावून दिला. वाचता येत नाही, फोन कुणाचा ते ती पडद्यावरच्या फोटोवरून ओळखायची, म्हणून सोपं करून सांगितलं, "भागीबाय, नुसते आकडे दिसले, तोंड दिसलं नाय, तर फोन उचलायचा नाय. फसवनारे असतात." तिने मान डोलावली. जाताना ओटीतून रानातले करांद्याचे कंद काढून टेबलावर ठेवले. "पोटच्या पोरीपरीस तू बरा," म्हणाली. मी ते घेतले. नको म्हणायला तोंड लागतं.

सव्वीस जानेवारीला शाळेत बायकांची सभा होती. शाळेतल्या गीताबाई मला आग्रहाने घेऊन गेल्या, फोन कसा सांभाळावा यावर बोल म्हणाल्या. मी बोललो. चांगलं बोललो, त्याचीच जास्त लाज वाटते. आपला फोटो ही आपली वस्तू आहे, दुसऱ्याच्या घरात ती परवानगीशिवाय जाता कामा नये, वगैरे. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून भागीबाय उठली. एवढ्या बायकांत ती कधी बोललेली कुणी ऐकलं नव्हतं.

"मी अडानी बाय," ती म्हणाली. "पन सांगते. माझ्या पोरीनं माझा घात केला. सासूनं दिलेलं मी तिला दिलं, तिनं परक्याला दिलं. आनि ह्यो परका, ह्यानं माझी आब राखली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकजण 'काय दिवस आले' असं पुटपुटली. पुढच्या रांगेत जनी बसली होती, रविनाबरोबर शाळेत शिकलेली. तिने खाली घातलेली मान वर केलीच नाही. गीताबाईंनी मला नारळ आणि फूल दिलं. आणि हे सगळं होत असताना माईक माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "धन्यवाद."

नारळ घरी आणला तो रुपालीने देवापुढे ठेवला. दोन दिवस मी त्या बाजूला बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून गाडी डोळखांबच्या रस्त्याला घातली, पुढे पायवाटेने वर गेलो.

भागीबाय अंगणात नाचणी पाखडत होती. बस म्हणाली. मी बसलो नाही, उभ्यानेच सांगायला लागलो. दुकानाचं खातं, माझ्या टेबलावर येऊन पडणारे फोटो, दुपारी बघत बसणं, पंकज, नकाशा, सगळं. शेवटी म्हणालो, "रविनानं काय केलं नाय. तिनं कुनालाच दाखवलं नाय. मी दाखवलं."

सूप थांबलं नाही. हातातली नाचणी तिने पाखडून टोपलीत ओतली, दुसरी घेतली, आणि ती मात्र तशीच खाली ठेवली.

"किती दीस ठावं हाय तुला?"

"पहिल्या दिसापासनं. तू पायरीवर येऊन बसलीस तवापासनं."

"आनि करांदे खाल्लेस?"

"रुपालीनं उकडले," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

ती शिव्या देईल, पाडा गोळा करील, चार माणसं मला धरतील, अशा तयारीने मी गेलो होतो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. मार खाल्ला की माणूस सुटतो. तिने यातलं काही केलं नाही. आत गेली आणि फोन घेऊन आली.

"रविनाला लाव," म्हणाली. "तू साफ केलास तवापासनं तिचं तोंड ह्याच्यात दिसत नाय. आनि कोनाचा तरी सारखा फोन येतो. तूच म्हनालास उचलू नको, म्हनून नाय उचलत."

मी फोन उघडून आलेल्या फोनांची यादी बघितली. एकच नंबर. अकरा वेळा. संक्रांतीच्या दिवशी तीनदा. तो नंबर मला ओळखीचा होता. आईचा फोन सुरू झाला का, हे विचारायला रविनाने मला त्याच नंबरावरून फोन केला होता. लेक आईला हाका मारत होती, आणि आई माझा सल्ला पाळत होती. पुसायचं ते पुसताना मी लेकीचं तोंडही पुसलं होतं. "लाव ना," भागीबाय म्हणाली.

मी लावला. ती नेहमी मोठ्या आवाजावर बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"कोन? आये?"

"मीच गो," भागीबाय म्हणाली. "माझं चुकलं. तू नाय दाखवलंस कुनाला."

पलीकडे गोदामातला टेप ओढल्याचा आवाज येत होता. तो दूर गेला. रविना बहुतेक बाहेर आली असावी. "कोनी सांगितलं तुला?" तिने विचारलं.

भागीबायने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून वाट बघत होतो, माझं नाव यायची.

"कोनी कशाला सांगाया पायजे?" ती म्हणाली. "माझं मला कळलं."

"मी पोराच्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं व्हतं," रविना म्हणाली, आणि रडायला लागली. एवढी मोठी बाई, पोराची आई, लहान मुलासारखी हुंदके देत होती.

"व्हय गो. ऐकलं नाय मी. आता पावसात ये. आजून येक जागा हाय, म्हातारीनं दावलेली. फोटो बिटो नको. मी हाताला धरून नेते तुला. येशील ना?"

रविना काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिलो होतो. बोलणं संपल्यावर भागीबायने डोळे पुसले आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

"माझं नाव का नाय घेतलंस?" मी विचारलं.

"तिला आये पायजे व्हती. तुझं नाव घेऊन ती काय करील?" आणि मग, पाखडता पाखडता, माझ्याकडे न बघता, "तुला सांगायचं आसंल तं तू सांग. नंबर हाय तुझ्यापाशी."

मी उतरून खाली आलो. त्यानंतर कितीदा तो नंबर काढला आणि ठेवून दिला, ते सांगत नाही. कामावर असेल, मूल झोपलं असेल, उगाच भरलेली जखम उघडायची कशाला, अशी कारणं मला रोज मिळत होती. समोरासमोर सांगू, फोनवर नको, हे त्यातलं सगळ्यात देखणं कारण.

शिमग्याला रविना मुलाला घेऊन आली. परत जाताना मायलेकी दोघी स्टँडवर होत्या. भागीबाय नातवाचा हात धरून उभी, आणि रविना रस्ता ओलांडून सरळ माझ्या दुकानात आली. मी तिला समोरून प्रथमच बघत होतो. आईसारखंच रुंद कपाळ.

"दादा, आयेचा फोन तुमी चांगला करून दिलात," ती म्हणाली. "ती म्हनते तुमच्याकडंच द्यायचा. माझा बी तसा करून द्याल?"

तिने फोन टेबलावर ठेवला. रस्त्यापलीकडून भागीबाय आमच्याकडेच बघत होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी फोन उचलला, रविनाकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"बॅटरी किती वेळ टिकते ह्याची?" मी विचारलं.

रविना सांगायला लागली. भागीबायने तोंड फिरवलं आणि गाडी येते का ते बघत राहिली.